अण्णांचा दिवस

जून लागला की आमच्याकडे घराला पाणी घालावं लागतं. झाडांना नाही, घराला. टेक्सासच्या या भागातली माती काळी, चिकण, आपल्या कपाशीच्या रानासारखी. ऊन तापलं की ती आक्रसते, भेगाळते, आणि मग तिच्यावर बसलेलं घरही तडकतं. म्हणून चारी भिंतींच्या पायाशी बारीक भोकांचा पाइप टाकून ठेवायचा आणि रोज थोडा वेळ तो पाझरत ठेवायचा. नव्यानं आलेल्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. मीही हसले होते. दुसऱ्या वर्षी जेवणघराच्या भिंतीला छतापर्यंत चीर गेली, आणि तेव्हापासून मी मुकाट्यानं पाइप टाकते.

गेल्या रविवारी सकाळी मी त्याच पाइपचा गुंता सोडवत होते. माझा नवरा विनायक अंगणातल्या खुर्चीत बसून तो कसा सोडवावा ते मला सांगत होता. गुडघे बदलल्यापासून त्याच्याकडे सांगण्याचंच काम उरलंय आणि ते तो मन लावून करतो. तेवढ्यात आमच्या मुलीचा, मीनलचा, मॉरिसव्हिलहून फोन आला. मी तो स्पीकरवर टाकून खुर्चीच्या हातावर ठेवला.

"आई, वी बुक्ड इटली," ती म्हणाली. "सेम लेक. त्रासिमेनो. मला बाबांचा जुना प्लॅन हवाय, सगळ्या डे ट्रिप्स. मुलांना तसंच सगळं दाखवायचंय."

विनायकचा चेहरा उजळला. कोणत्या दिवशी बोट, कोणत्या दिवशी असिसी, हे त्याला अजून पाठ आहे. तो भडाभडा सांगू लागला आणि ती लिहून घेऊ लागली. मग तिनं विचारलं, "अँड ग्रँडपाज डे? ते हिरवं सर्कल? दॅट वन वी नेव्हर डिड. का नाही केलं आपण?"

विनायकनं नजर पाइपकडे वळवली. "अण्णांना माझ्याबरोबर जायचं नव्हतं," तो म्हणाला. "आधीच निघून गेले ते."

"ओके, मग आम्ही करू," मीनल म्हणाली. "आय'ल टेक अ नाइस फॅमिली पिक्चर देअर. फॉर यू." फोन बंद झाला. विनायक उठून आत गेला, आणि मी पाइप हातात धरून तशीच उभी राहिले.

अण्णांना माझ्याबरोबर जायचं नव्हतं. हे वाक्य मी इतकी वर्षं ऐकत आलेय. कधी ते पाहुण्यांसमोर हसत म्हटलं जातं, कधी काही कारण नसताना, गाडी चालवता चालवता. बापानं आपल्याला नाकारलं असं समजून माझा नवरा म्हातारा झाला. ते तसं नव्हतं हे मला ठाऊक होतं. आणि कुणाला सांगणार नाही असा शब्द मी दिलेला होता.

तो उन्हाळा ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरचा. आमचं घर दोनच वर्षांचं होतं, आत गालिच्याचा आणि रंगाचा वास अजून यायचा. मागच्या कुंपणापलीकडे अजून कापसाचं रान होतं. सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं आणि अण्णा, माझे सासरे, साताऱ्याकडच्या आपल्या गावी एकटेच होते. विनायक त्यांना हवापालटाला म्हणून घेऊन आला. आल्या आल्या अण्णांनी मागच्या दारी जाऊन मूठभर माती उचलली, बोटांत चुरली, आणि म्हणाले, "ही तर आपलीच हाय की." एवढं अंतर तोडून आलेल्या माणसाला इथली तेवढी एकच गोष्ट ओळखीची वाटली असावी.

मग त्यांना पाइप दिसला. "सूनबाई, भिंतीला पाणी कशापायी?" ते मला कधी अगंतुगं करत नसत. बोलतच नसत फारसं. मी कारण सांगितलं. ते भिंतीच्या कडेला उकिडवे बसून झिरपणारं पाणी बराच वेळ बघत राहिले. दुसऱ्या दिवसापासून ते काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. सकाळी धोतराचा सोगा खोचून ते पाइप ओढत घराभोवती फिरत, आणि शेजारची बाई आपल्या खिडकीचा पडदा सारून हे बघत असे.

त्याच सुमारास विनायकच्या ऑफिसमधल्या टोनीनं आपल्या आत्याच्या घराची किल्ली देऊ केली. इटलीतल्या एका मोठ्या तळ्याकाठी तिचं घर होतं आणि ऑगस्टमध्ये ते रिकामं असे. तळ्याचं नाव त्रासिमेनो. "नावातच त्रास आहे," असं विनायक जो येईल त्याला ऐकवत असे आणि प्रत्येक वेळी पहिल्यांदाच सुचल्यासारखा हसत असे. ठरलं असं की आम्ही चौघांनी जायचं, तळ्याकाठी राहायचं, तिथून रोज एकेक सहल करायची, आणि शेवटी अण्णांनी रोमहूनच मुंबईचं विमान पकडायचं.

माझ्या नवऱ्याला प्रवासापेक्षा प्रवासाची आखणी प्रिय. मी हे कुरकुरीनं सांगत नाही. काही माणसांचं प्रेम बोलण्यातून येतं, काहींचं जेवू घालण्यातून, आणि विनायकचं वेळापत्रकातून. जेवणाच्या टेबलावर त्यानं इटलीचा मोठा नकाशा पसरला आणि त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरलं. मग आम्ही त्या प्लॅस्टिकवरच जेवू लागलो. माझ्या वरणाची वाटी पेरुजियावर असे, आणि मीनलचं दूध एकदा आख्ख्या फ्लॉरेन्सवर सांडलं होतं. रविवारी चहा झाला की रंगीत खडू निघत. निळं वर्तुळ बोटीनं बेटावर जायचं, ते मीनलचं. ती तेव्हा दहाची असेल. त्या बेटावर ससे आहेत असं तिला टोनीनं सांगितलं होतं. पिवळं असिसीचं, ते माझं, कारण मला काहीतरी हवंच असणार असं गृहीत होतं. मला खरं तर एक दिवस त्या घराच्या ओट्यावर नुसतं बसायचं होतं, आणि आज काय करतेस हे कुणी विचारायला नको होतं. त्याला रंग मिळाला नाही.

त्या संध्याकाळी आठवतात त्या अशा. एसीची घरघर, बाहेर झाडांत किर्र करणारे किडे, तव्यावर उतरलेल्या थालीपिठांचा खमंग वास, आणि विनायकचा आवाज, इथून सकाळी निघू, इथे डबा खाऊ, इथून दिवस मावळायच्या आत परत. ओळखीपाळखीचे लोक येऊन सल्ले देऊन जात. दशम्या न्या, मेतकूट न्या, तिकडे भाज्या अळणी असतात. प्रत्यक्ष प्रवासाची चव नंतर घेतली, पण ती या टेबलावरच्या प्रवासाइतकी कधीच लागली नाही. न गेलेल्या गावात कुणाचे पाय दुखत नाहीत आणि कुणी कुणावर चिडत नाही.

अण्णा त्या वेळी कोपऱ्यातल्या खुर्चीत असत. हातात पेपर धरलेला, पण वाचत नसत. एका रविवारी विनायक तळ्याच्या पूर्वेला डोंगरांतून एक रस्ता शोधत होता. बोट फिरवता फिरवता म्हणाला, "इथून वर जाता येईल असं दिसतंय." तर मागून अण्णांचा हात आला. त्यांचं बोट नकाशावर टेकलं.

"हितनं न्हाई," अण्णा म्हणाले. "हितं नदी हाय. नदीच्या अंगाला गिरणी. गिरणीपासनं पायवाट वर जाती. खडी चढण."

आम्ही तिघांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. अण्णा दुसऱ्या महायुद्धात लष्करात होते आणि इटलीत कुठेतरी होते, एवढंच घरात माहीत होतं. लहानपणी विनायकनं विचारलं की ते म्हणत, "होतो तिकडं." त्यापुढे एक शब्द नाही. एक जाड लोकरी कोट ट्रंकेत असे. सासूबाई दरवर्षी तो उन्हात घालत आणि संध्याकाळी परत घडी करून ठेवत. विनायकनं त्या कोटावरून एक बाप मनात उभा केला होता, बंदुकीचा, मेडलांचा. शाळेत त्याच्या जोरावर मारामाऱ्या केल्या होत्या. घरात चालता फिरता जो बाप होता, तो मुलाच्या पाठीवर हात ठेवायला जवळ येत नसे.

आणि आता त्या बापाचं बोट त्याच्या नकाशावर टेकलं होतं. विनायकनं हिरवा खडू घेतला आणि त्या बोटाभोवती वर्तुळ काढलं. "पाचवा दिवस," तो म्हणाला. "अण्णांचा दिवस. अण्णा, आपण तिथं जाऊ. तुमच्या वेळच्या लोकांची स्मशानभूमी आहे म्हणतात त्या बाजूला, तिथं फुलं वाहू. गिरणीपाशी तुमचा फोटो काढू." मी त्याला आनंदानं रडवेला झालेला क्वचितच पाहिलाय, त्यातला एक तो दिवस.

अण्णांनी हात मागे घेतला आणि म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं."

हे तीन शब्द आपल्या म्हाताऱ्यांकडून फार ऐकू येतात आणि आपण त्यांना होकार समजतो. मुलाच्या घरी राहणारा बाप दुसरं काय म्हणणार? त्याच्या अंगावरची बंडी मुलाची, पायातली चप्पल मुलाची, पुढ्यातलं ताट मुलाचं. नाही म्हणायला पायाखाली स्वतःची जमीन लागते.

त्यानंतर अण्णा बदलले. जेवताना दोन घासांत हात थांबायचा. मध्येच विचारायचे, "त्या डोंगरावरच्या गावात नळ आला असंल का आता?" किंवा, "वरच्या अंगाला इहीर न्हवती. झाली असंल का?" विनायक या प्रत्येक प्रश्नानं खुलायचा. बघ, त्यांना किती उत्सुकता लागलीय, असं मला आत येऊन सांगायचा. मला मात्र दुसरंच दिसत होतं. स्वयंपाकघरातलं प्रत्येक भांडं भरलेलं असे. पातेली, कळशी, मीनलचा थर्मास, रिकामी झालेली लोणच्याची बरणी, सगळ्यांत काठोकाठ पाणी. अण्णा दिवसभर भरून ठेवत. घराभोवतीचा पाइपही आता बंद होत नसे. मी बंद करून यावं आणि त्यांनी परत सोडावा. भिंतीलगत चिखल झाला.

एके दुपारी मी टेबलाशी बसून गवार मोडत होते. मीनल शाळेच्या उन्हाळी वर्गाला, विनायक ऑफिसात. अण्णा आले, समोरची खुर्ची ओढून बसले आणि माझ्यासमोरच्या ढिगातून एक मूठ घेऊन शेंगांच्या शिरा काढू लागले. आमच्या लग्नानंतर त्यांनी माझ्या कामाला हात लावण्याची ती पहिली वेळ. मला उठून उभं राहावंसं वाटलं.

"सूनबाई," ते म्हणाले, "त्यो एक दिवस काढून टाका."

"कोणता, अण्णा?"

"हिरवा."

मग ते बोलले. शेंगा मोडत, खाली बघत. मी त्यांच्याच शब्दांत ठेवते, कारण माझ्या शब्दांत ते खोटं वाटतं.

"त्या डोंगरावर आपली मानसं हुती आणि वर पाणी न्हवतं. उनाळा असा, हितल्यावानीच. खालनं आमी खेचरांवर पाण्याचं डबं लादून न्यायचो. बंदूक मी लई चालवली न्हाई सूनबाई, मी खेचरं हाकली. माझ्याम्होरं बाळू असायचा. बाळू म्हंजी आमच्या आळीतला, ठकूबाईचा. दोघं एकाच दिशी भरती झाल्यालो. गिरणीच्या वरच्या वळणावर गोळा पडला. त्याचं खेचर गेलं, आणि त्याच्या पोटात लागलं. त्यानं पाणी मागितलं."

बाहेर पाइपमधून पाणी झिरपत होतं, त्याचा आवाज आत येत होता.

"माझ्या खेचरावर भरल्यालं डबं हुतं. पर आमाला शिकिवलं हुतं, पोटात लागल्याला पाणी द्यायचं न्हाई, दिलं की मरतो. आणि हुकूम असा की वाटंत थांबायचं न्हाई, वर लोक तडफडत्यात. म्या म्हनलं, बाळ्या, आलोच मी. डबं उतरवून आलोच. आणि गेलो."

"मग?"

"आलो की परत. तवर कशाला ऱ्हातोय."

मला वाटलं संपलं. मी काहीतरी बोलले, तुमचं काय चुकलं अण्णा, असलं. ते मान हलवत राहिले. "त्याचं न्हाई हो. लढाईत हुतंच ते." मग म्हणाले, "रजंवर गावाकडं गेलो तवा म्हातारी दारात उभी. कुटं लागलं, कसं लागलं, कायसुदिक इचारलं न्हाई तिनं. येवढंच इचारलं, त्याच्या तोंडात पाणी पडलं का रं? म्या म्हनलं, पडलं. म्या पाजलं."

अण्णा तिला हे ज्या दिवशी बोलले त्या दिवसापासून ठकूबाईनं त्यांना लेक मानलं. पितृपंधरवड्यात बाळूचं पान वाढलं की ती पहिलं ताट अण्णांना लावी. शेवटचं पाणी पाजणारा तो मुलगाच, असं ती सगळ्या गावाला सांगे. अण्णा दरवर्षी ते ताट जेवले. खीर, वडे, सगळं. विनायकनंही लहानपणी त्या ताटातला घास खाल्लेला होता. आणि ठकूबाई गेली तेव्हा, सगळ्यांनी म्हटलं म्हणून, तिच्या तोंडात पाणी अण्णांनीच घातलं.

"मला त्या वळणावर नेऊन हार घालणार ह्यो," अण्णा म्हणाले. "फोटू काढणार. तिथं उभा ऱ्हाऊन हसू कसा? विनायकला सांगू नका. पोरगं हाय माझं. त्यानं तरी चांगलं समजावं मला. शब्द द्या."

मी शब्द दिला. गवारीचा हात तसाच पुढे केला आणि त्यांनी त्याला स्पर्श न करता मान हलवली. सासरा सुनेच्या हाताला हात लावत नाही, शब्द घेतानासुद्धा.

आता कारण न सांगता एक दिवस काढून टाकायचा होता. मी विनायकला म्हटलं, चढण आहे, त्यांना झेपणार नाही. तो म्हणाला, गाडी जाते. मी म्हटलं, त्यांना जुनं आठवून त्रास होईल. तो म्हणाला, "तुला बोलले तसं?" मी म्हटलं, नाही, पण दिसतं. "मग मीच विचारतो," म्हणून तो माझ्यासमोरच त्यांच्याकडे गेला. "अण्णा, जायचं ना आपण तुमच्या त्या डोंगरातल्या गावाला?" अण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही म्हणाल तसं."

"ऐकलंस?" विनायक मला म्हणाला. "अहो, ते तुम्हाला नाही म्हणणार नाहीत," मी म्हटलं. एरवी मी त्याला नावानं हाक मारते, पण अण्णांच्या समोर अहो. "का नाही म्हणणार?" त्यानं विचारलं. त्याचं उत्तर माझ्या तोंडात होतं आणि मला ते गिळावं लागलं.

एवढ्यावर भागलं नाही. विनायकनं इथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरीला, कुलकर्णींना, ही गोष्ट अभिमानानं सांगितली. झालं. मंडळाच्या उन्हाळी संमेलनात अण्णांचा सत्कार ठरला. नको, नको, असं अण्णा चक्क दोनदा म्हणाले. पण आपल्याकडे सत्काराला नको म्हणणं हा सत्काराचाच पहिला भाग असतो. जो लगेच हो म्हणतो त्याला आपण हावरा म्हणतो, आणि नको म्हणणाऱ्याला थोर म्हणून ओढत मंचावर नेतो. त्या नकोचं खरं नको कसं करायचं याची सोय आपल्या रीतिरिवाजात कुणी ठेवलेलीच नाही.

भाड्यानं घेतलेल्या एका शाळेचं जेवणघर होतं. भिंतीवर मुलांनी रंगवलेली फळं, हवेत मसालेभाताचा आणि फरशी पुसायच्या औषधाचा वास. कुलकर्णींनी पराक्रम, रणांगण, मराठी मनगट असे शब्द ओळीनं लावले. अण्णांच्या खांद्यावर शाल पांघरली, हातात नारळ दिला. मीनल पहिल्या रांगेत, तिच्या केसांना मी मोगऱ्याऐवजी कापडी गजरा लावला होता. विनायक कॅमेरा घेऊन खाली गुडघ्यावर बसला होता. "अण्णा, दोन शब्द," कुलकर्णी म्हणाले आणि माइक पुढे केला.

अण्णा उभे राहिले. नारळ दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला. "पाणी वर पोचलं," ते म्हणाले. त्यांनी नारळ सावरला. "खाली मागितलं त्याला न्हाई पोचलं." आणि बसले.

टाळ्या कडकडल्या. किती नम्र, असं माझ्या मागची बाई म्हणाली. विनायकनं डोळे पुसले. त्या सभागृहात त्या वाक्याचा अर्थ कळलेले आम्ही दोघंच होतो, आणि आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

त्या आठवड्यात अण्णांनी परतीचं तिकीट मागितलं. इटली नको, रोम नको, सरळ घरी. विनायकनं विचारलं, विनवलं, शेवटी चिडून म्हणाला, "मी काय कमी केलं तुम्हाला?" अण्णा म्हणाले, "काय बी न्हाई." तो म्हणाला, "मग थांबा ना माझ्यासाठी." अण्णा उठून पाइप बघायला बाहेर गेले. आमच्या घरात यापेक्षा मोठं भांडण मी बघितलेलं नाही, आणि यात कुणाचा आवाज चढला नव्हता.

विमानतळावर त्यांनी मीनलच्या गालावरून हात फिरवला. विनायकच्या समोर उभे राहिले, काही बोलणार असं वाटलं, मग त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली. मला म्हणाले, "पाण्याचं तेवढं बघा, सूनबाई." विनायकला वाटलं, पाइपचं सांगताहेत.

आम्ही तिघं इटलीला गेलो. तळं उथळ होतं, संध्याकाळी शिशासारखं करडं दिसायचं, कडेला बोरू माजलेले. बेटावर ससे नव्हते. असिसीत पाऊस लागला. सगळ्या सहली वेळेवर निघाल्या आणि वेळेवर परतल्या. पाचव्या दिवशी विनायकनं गाडीची किल्ली खिशातून काढून टेबलावर ठेवली आणि तो दिवसभर पाण्याशी बसून राहिला. म्हणजे मला ओट्यावर बसायचा तो एक दिवस मिळाला शेवटी. समोर त्याची पाठ दिसत होती, आणि पूर्वेला निळसर डोंगर. त्या डोंगरांत कुठेतरी एक वळण होतं. मी विनायकसाठी अण्णांवर चिडले, अण्णांसाठी विनायकवर चिडले, आणि संध्याकाळी उठून भात टाकला.

पुढच्या हिवाळ्यात अण्णा गेले. विनायक पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. परत आला तेव्हा एवढंच म्हणाला, "शेवटपर्यंत माझं नाव नाही काढलं म्हणे." मी तेव्हा सांगू शकले असते. पण नुकत्याच गेलेल्या माणसाला दिलेला शब्द जिवंत माणसाला दिलेल्या शब्दापेक्षा जड असतो. तो सोडवून घ्यायला कुणाकडे जायचं? पुढे वर्षांवर वर्षं गेली, आणि न बोललेल्या गोष्टीवर माणसं घर बांधतात तसं आम्ही बांधलं. वर सगळं धड होतं. खाली माती आक्रसत होती.

गेल्या रविवारी मीनल म्हणाली, तिथं छानसा फोटो काढीन. त्या वळणावर माझी नातवंडं दात दाखवून उभी राहणार. अण्णांना जे एकच नको होतं, तेच त्यांच्या नावानं होणार. मी पाइप खाली टाकला आणि आत गेले. विनायक जेवणाच्या टेबलाशी बसला होता, कोऱ्या कागदावर मीनलसाठी दिवस लिहीत. पाचव्यापाशी थांबला होता.

मी त्याला सांगितलं. गवार, खेचरं, गिरणी, बाळू, ठकूबाईचं ताट, सगळं. "त्यानं तरी चांगलं समजावं मला" हेही सांगितलं. सांगून झाल्यावर त्यानं विचारलं, "डबे भरलेले होते?"

"हो."

तो टेबलावर हात फिरवत राहिला, जिथे कधी नकाशा असायचा तिथे. "मी तो घास खाल्लाय," तो म्हणाला. "ठकूआजीच्या हातचा. आणि माझ्यामुळे त्यांच्या खांद्यावर शाल आली." मग त्याला रडू आलं. म्हातारा माणूस रडतो तेव्हा आवाज फार होत नाही, नुसते खांदे हलतात. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्यावर रागावला असेल का, असा विचार मनात आला. असेल. ते आम्ही नंतर बघू, उरलेल्या दिवसांत.

मग डोळे पुसून तो म्हणाला, "मीनलला फोन लाव."

मी लावला. तो घसा साफ करून आपल्या नेहमीच्या, वेळापत्रकाच्या आवाजात बोलू लागला. "पाचवा दिवस ठेव. सकाळी लवकर निघा, ऊन व्हायच्या आत. गिरणी आता नसेल, पण नदीच्या बाजूनं वर वाट जाते, तिच्या पहिल्या मोठ्या वळणापर्यंत चालत जा. फोटो काढू नका. पाणी घेऊन जा बरोबर. भरपूर. आणि तिथं ओत."

"ओके," मीनल म्हणाली. "फॉर ग्रँडपा?"

"नाही. बाळूसाठी."

"बाबा, हू इज बाळू? लास्ट नेम काय त्याचं?"

विनायकनं माझ्याकडे पाहिलं. मला माहीत नव्हतं. अण्णांनी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

"म्हण, ठकूबाईचा बाळू," विनायक म्हणाला. "मराठीत म्हण. आणि त्याला सांग, अण्णांनी पाठवलंय. यायला उशीर झाला."